परसदारच्या गोष्टी : कुंपण झांकावें कसें?

गेल्या महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं एक आम्हीं मुद्दाम बाजूस काढून ठेविलें होतें. पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या घरांतील थोरल्या सूनबाई आहेत. आपलें नांव व गांव छापूं नये अशी त्यांची विनंति आहे. ती आम्ही पाळीत आहों. पत्राचा मतलब असा : घरामागील अंगण पूर्वीं एकच होतें. गेल्या कार्तिकांत धाकटे दीर विभक्त झाले आणि अंगणाच्या मध्यावर ६ फूट उंचीचें पत्र्याचें कुंपण उभें राहिलें. यांच्या वांट्यास २४ फूट लांब व १२ फूट रुंद एवढी पट्टी आली असून तिच्या पश्चिमेच्या अंगास हा पत्रा आहे. सासूबाईंचें वय ८१. त्या रोज सकाळीं मागल्या ओटीवर माळ घेऊन बसत. अजूनहि त्या तेथेंच बसतात, पण घराच्या भिंतीकडे तोंड करून. "तरी दिवाळीच्या आंत हा पत्रा दिसेनासा होईल असें, लवकरांत लवकर वाढणारें झाड कोणतें तें कळवावें," असा पत्राचा शेवट आहे.

एका झाडाचें नांव एका ओळींत सांगून हें पत्र निकालांत काढतां आलें असतें. परंतु कुंपण झांकतांना जी चूक करूं नये, ती आम्हीं स्वतः केलेली आहे, आणि ती ध्यानांत येण्यास आम्हांस अकरा वर्षें लागलीं. म्हणून या खेपेचें सबंध प्रकरण याच प्रश्नास दिलें आहे. हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां वैशाखाचें ऊन तापत असेल. मृग निघण्यास, म्हणजे जूनच्या ७-८ तारखेस, अजून कांहीं आठवडे आहेत. खड्डे खणून ते उन्हांत तापूं देण्यास आणि शांतपणें विचार करण्यास हाच काळ योग्य होय.

प्रथम ऊन पाहावें. रोपवाटिकेंत जाऊन सुंदर फुललेलें रोप आणावयाचें आणि मग त्यास जागा शोधावयाची, हा क्रम उलटा आहे. कुंपण पश्चिमेस असेल तर आपल्याकडील अंगास सकाळपासून मध्यान्हापर्यंत ऊन मिळतें व नंतर सावली येते. बहुतेक फुलवेलींस हें मानवतें. कुंपण पूर्वेस असेल तर दुपारनंतरचें कडक ऊन थेट पत्र्यावर पडतें, पत्रा तापतो आणि त्यास टेकलेले कोंवळे शेंडे होरपळतात. उत्तरेच्या कुंपणास हिंवाळ्यांतहि दिवसभर ऊन असतें. दक्षिणेचें कुंपण मात्र अवघड. पुण्या-साताऱ्याकडे डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हींसुद्धां ६ फूट उंच कुंपणाची सावली पांच फुटांहून लांब पडते. अशा सावलींत जाई-जुई लावून फुलांची वाट पाहणें व्यर्थ आहे. तेथें तगर किंवा अडुळसा यांसारखीं, थोडी सावली सोसणारीं झाडें बरीं.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्याकडे कुंपण झांकण्याचा प्रश्न निघाला कीं कोणीतरी मेंदीचें किंवा कोयनेलीचें नांव घेतो. दोन्ही झाडें उत्तम आहेत. कात्री सोसतात व वर्षानुवर्षें टिकतात. अडुळसाहि तसाच. त्याचीं पानें गुरें-शेळ्या सहसा खात नाहींत, त्यामुळें राखण कमी लागते, आणि घरांत कोणास खोकला झाला तर पानें हातापाशीं असतात. पांढऱ्या फुलांची तगर तर देवपूजेस वर्षांतील बहुतेक महिने फुलें देते. परंतु सहा फूट उंचीचा कोणताहि झुडपी घेर म्हटला कीं त्यास तीन फूट रुंदी द्यावीच लागते. बारा फुटांच्या पट्टींतून तीन फूट गेले म्हणजे चौथा हिस्सा गेला. तारांवर चढविलेला वेल दीड फुटांत भागतो. म्हणजे आठवाच हिस्सा. धुणें वाळत घालावयाचें, वाळवणें पसरावयाचीं, मुलांनीं खेळावयाचें, हें सर्व ज्या जागेंत व्हावयाचें तेथें हा दीड फुटाचा फरक लहान नव्हे. ज्यांचें अंगण वीस फुटांहून रुंद असेल त्यांनीं खुशाल तगर लावावी. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवल्यास २४ फुटांस बारा रोपें पुरतात. या भगिनींनीं मात्र वेलच निवडावा.

झुडपांचा विषय निघाला आहे तर कुंतीविषयीं एक सूचना देऊन ठेवतों. हिलाच पुष्कळ ठिकाणीं कामिनी म्हणतात. गर्द हिरवें पान, पांढरें सुवासिक फूल आणि कात्रीनें हवा तो आकार, असे तिचे गुण आहेत. परंतु परसांत लिंबाचें झाड असेल तर कुंती लावूं नये. लिंबाच्या जातींना जो हरितरोग होतो तो एका सूक्ष्म किड्यामार्फत पसरतो, आणि त्या किड्याचें कुंतीवर चांगलें पोषण होतें. कढीलिंबावरहि तो राहतो. एक वस्तु झांकण्याच्या भरांत दुसरी गमावूं नये.

आतां "लवकरांत लवकर" या शब्दांकडे वळूं. झटपट वाढणाऱ्या वनस्पति पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकांची ख्याति चांगली नाहीं. पांच बोटांसारखें पान व फिकट जांभळें फूल असलेली गारवेल एका पावसाळ्यांत पत्रा गडप करील. आगगाडीच्या रुळांकडेच्या कुंपणांवर ती सर्वांनीं पाहिली असेल. पण ती कुंपणावर थांबत नाहीं. शेजारच्या पेरूवर व डाळिंबावर चढून त्यांचा उजेड हिरावून घेते. बेशरम नांवाचें झुडूप तर फांदी खोंचली कीं फुटतें. तें गुरांस विषारी आहे, आणि लोकांनीं त्याचें नांव कांहीं उगीच तसें ठेविलें नाहीं. घाणेरी परदेशांतून शोभेसाठीं आली आणि आज तिनें आपलीं रानें व्यापलीं आहेत; ती हौसेनें लावण्याचें कारण नाहीं. शेराचें कुंपण खेड्यांतून बांधावर दिसतें व तेथें तें शोभतें. परंतु त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस गंभीर इजा होते. जेथें मुलें चेंडू शोधीत कुंपणाशीं जातात तेथें शेर नसावा. कण्हेरीचीहि तीच गोष्ट. तांबडी, पांढरी वा पिवळी, कोणतीहि असो, तिचें सर्वांग विषारी आहे आणि पिवळीचें बी तर फारच घातक. देवास कण्हेर वाहण्यास हरकत नाहीं, पण रांगत्या मुलाच्या हातास लागेल अशी ती लावूं नये.

राहिली बोगनवेल. हिच्या नांवांतील "वेल" आपण लोकांनीं आपल्या कानास रुचेल असा जुळवून घेतला आहे. मूळ नांव बूगेनव्हील या फ्रेंच दर्यावर्दीचें. त्यानें १७६६ ते १७६९ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि त्याच्या सफरींतील कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञास ही वेल ब्राझील देशांत आढळली. आपण जिला हिचीं रंगीत फुलें म्हणतों तीं फुलें नव्हेतच, तीं पानें आहेत. खरें फूल मध्यभागीं असतें, बारीक व पांढुरकें. उन्हाळ्यांत पाणी कमी असतांना ही वेल अधिकच बहरते, हा तिचा मोठा गुण. परंतु तिला कांटे आहेत व तिचा पसारा दांडगा आहे. बारा फुटांच्या पट्टींत तिच्या शेजारून वाळत घातलेलीं वस्त्रें सुरक्षित राहणार नाहींत.

मग लावावें तरी काय? येथें आमच्या जुन्या धंद्याची आठवण होते. मेघदूत शिकवितांना उत्तरमेघांतील यक्षाच्या घराचें वर्णन आलें म्हणजे आम्ही मुलांस फळ्यावर त्या बागेचा नकाशा काढून दाखवीत असूं. कालिदासानें तेथें माधवीलतेचा मंडप सांगितला आहे आणि त्या मंडपाभोंवतीं कुरबकाची वृति, म्हणजे कुंपण, सांगितलें आहे. कुरबक म्हणजे आपल्या कोरांटीच्या जातीचें झुडूप असें जाणते मानतात. कित्येक वर्षें आम्ही हें केवळ वर्णन म्हणून शिकविलें. पुढें स्वतः वेल वाढविले तेव्हां त्यांतील बागाइती शहाणपण कळलें. कोणताहि वेल वर चढला कीं त्याचा पायथा उघडा पडतो. पानें वर, फुलें वर, आणि खालचे दोन फूट नुसता दोरखंडासारखा बुंधा. त्या बुंध्यापुढें बुटकें झुडूप असलें कीं तें उघडेपण दिसत नाहीं. वर लता आणि खालीं झुडूप ही जोडी पत्र्याच्या कुंपणासहि तितकीच लागू आहे.

जातां जातां हेंहि सांगावेंसें वाटतें कीं आज ज्या वेलास आपण मधुमालती म्हणतों ती कालिदासाची माधवी नव्हे. माधवी निराळी, तिच्या पांढऱ्या फुलांत एक पाकळी मध्यें पिवळी असते व तिच्या फळास तीन पंख असतात. मधुमालतीचें फूल संध्याकाळीं पांढरें उमलतें, दुसऱ्या दिवशीं गुलाबी होतें व मग तांबडें. एका घोसांत तिन्ही रंग दिसतात तें यामुळें. फार देखणा वेल आहे, आणि आमच्या चुकीशीं याचाच संबंध आहे. तें पुढें येईल.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठीं आमची योजना अशी. प्रथम पत्र्याच्या मालकाची, म्हणजे दिरांची, संमति घेऊन आपल्या बाजूनें पत्र्यास मातकट किंवा गडद हिरवा रंग द्यावा. चकाकणारा पत्रा पानांच्या फटींतूनहि डोळ्यांत खुपतो. मंद रंगाचा पत्रा अर्धवट झांकला तरी नजरेआड होतो. हें काम एका दिवसाचें आहे, आणि निम्मा त्रास त्यानेंच जातो.

नंतर वेलासाठीं स्वतःचा आधार उभा करावा. दुसऱ्याच्या कुंपणास खिळे ठोकूं नयेत व तारा बांधूं नयेत. त्यांत कलहाचें बीज असतेंच. शिवाय पत्रा वाऱ्यानें थडथडतो आणि त्याबरोबर वेलाचे धागे तुटतात. पत्र्यापासून सहा इंच अलीकडे लोखंडी नळ्यांचे पांच खांब रोवावे व त्यांवर एकेक फुटावर आडव्या तारा ओढाव्या. बांबूचे खांब स्वस्त पडतात, पण जमिनीशीं ते लवकर कुजतात, आणि भरास आलेला वेल ऐन पावसाळ्यांत आडवा होतो. सहा इंचांच्या फटीमुळें वारा खेळतो, पत्र्याची धग थेट पानांस लागत नाहीं आणि पुढेंमागें दिरांना पत्रा दुरुस्त करावयाचा झाल्यास वेल न तोडतां तो करतां येतो.

तारांवर कायमचा वेल म्हणून जाई लावावी. जिच्या पांच पाकळ्यांना पाठीमागून किंचित् गुलाबी झांक असते ती जाई. जुई फुलानें लहान, पण तीहि चालेल. तीन रोपें पुरे. सात-सात फुटांवर एक. पत्र्यापासून एक फुटावर मध्य येईल असे दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे आतांच खणावे. कुंपण नवें असल्यामुळें खांबांच्या पायथ्याशीं सिमेंटचीं ढेंकळें व खडी पडलेली असेल. ती वेंचून काढावी. नवीं रोपें कां जगत नाहींत याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. खड्ड्यांत दोन भाग चांगली माती व एक भाग कुजलेलें शेणखत भरावें आणि पहिला पाऊस होऊन जमीन निवाली कीं रोपें लावावीं. जाईची छाटणी डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारींत करावी. छाटतांना मन घट्ट करावें लागतें, पण फूल नव्या फुटीवर येतें. न छाटलेली जाई नुसतें जाळें होऊन बसते.

जाई पहिल्या वर्षीं कुंपण झांकणार नाहीं. तिला दोन-तीन वर्षें द्यावीं लागतील. मग दिवाळीचें काय? त्यासाठीं त्याच तारांवर जाईच्या मधल्या जागेंत एका हंगामाचे वेल सोडावे. गोकर्णीचें बी रात्रभर पाण्यांत भिजवून सकाळीं पेरावें. तें लवकर उगवतें, दोनएक महिन्यांत निळें फूल देतें, आणि द्विदल जातीचें असल्यामुळें त्याच्या मुळांवरील गांठींनीं जमीनहि सुधारते. त्याच्या शेजारीं दोडका, घोसाळें, मायाळू लावावीं. दोडक्याचें पिवळें फूल तिन्हीसांजेस उमलतें आणि घोसाळ्याचें सकाळीं. त्यामुळें कुंपण दोन्ही वेळां फुललेलें दिसतें. मायाळूचीं पानें भज्यांस व भाजीस होतात. भाद्रपदाच्या सुमारास या वेलांनीं पत्रा हिरवा होतो, आणि खर्च बियाण्यापुरताच. एक पथ्य मात्र पाळावें : दोडक्या-घोसाळ्यानें जाईच्या शेंड्यावर चढूं नये. आठवड्यांतून एकदां हातानें धागे सोडवून दूर करावे. पायथ्याशीं, कालिदासाच्या रीतीनें, कोरांटी किंवा अबोली लावावी. अबोलीस अर्धवट सावली चालते व घरांतील मुलीसुनांस गजऱ्यांस फुलें होतात.

सासूबाईंसाठीं आणखी एक सुचवितों. डोळा कुंपणाकडे जातो तो दुसरें कांहीं पाहावयास नसतें म्हणून. ओटीपासून पांच-सहा फुटांवर, कुंपणाच्या बरेंच अलीकडे, तुळशीची कुंडी एका दगडी चौथऱ्यावर ठेवावी. बसलेल्या माणसाची दृष्टि प्रथम तेथें थांबेल आणि मागचें हिरवेपण केवळ पार्श्वभूमि होईल. शिवाय दोडके किती लागले, जाईला फूट आली कीं नाहीं, हें पाहण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपवावें. ज्या झाडाची आपण खबर ठेवतों त्याच्याकडे पाठ करून बसवत नाहीं.

आतां आमची चूक. १९९४ सालीं आमच्याहि घरीं वांटणी झाली. वडील बंधूंचा व आमचा वाद कशावरून झाला तें आतां सांगण्यासारखें नाहीं. आठवूं गेलें तर लाज वाटावी इतकें तें क्षुल्लक होतें. परसाच्या मध्यें पत्रे उभे राहिले. ते बंधूंनीं उभे केले, आणि ते दिसूं नयेत म्हणून पुढच्याच मृगांत आम्हीं मधुमालतीचीं चार रोपें लावलीं. आमच्या कुटुंबानें तेव्हां एवढेंच विचारलें, "कडेला जायला यायला थोडी जागा ठेवायची ना?" आम्हीं म्हटलें, "जावयाचें कोणास आहे?" आणि या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एक वीतहि मोकळी न ठेवतां वेल चढविला.

मधुमालतीनें आमचा हट्ट पुरेपूर पुरविला. तिसऱ्या वर्षीं पत्रा कोठें आहे हें नवख्यास कळत नसे. येणारे जाणारे वाखाणीत, आणि आम्हांसहि अभिमान वाटे. पलीकडे घोस लोंबत. वहिनी ते काढीत कीं नाहीं हें आम्हांस कधीं दिसलें नाहीं. सणावारीं दोन्ही घरचीं मुलें पुढल्या दारांनीं जात-येत, पण आम्ही दोघे भाऊ बोलत नव्हतों.

२००५ सालच्या श्रावणांत एका रात्रीं मुसळधार पाऊस पडत असतां पलीकडून वहिनींची हांक आली. त्यांनीं आमचें नांव घेऊन हांक मारली होती. अकरा वर्षांत प्रथमच. बंधूंच्या छातींत कळ आली होती. त्यांचीं मुलें तेव्हां नोकरीनिमित्त परगांवीं होतीं. ज्या खोलींत बंधु पडले होते ती आमच्या मागल्या दारापासून पंधरा पावलांवर. वहिनींचा शब्द न् शब्द पानांतून ऐकूं येत होता, पण मध्यें हातभर जाडीची वेलांची भिंत आणि तिच्या पोटांत पत्रा. आम्ही पुढल्या दारानें बाहेर पडलों, गल्लीला वळसा घातला, अंधारांत गुडघाभर पाण्यांतून त्यांच्या दारीं पोहोंचलों. दाराला आंतून अडसर. तो काढण्यासाठीं वहिनींना बंधूंना एकटें टाकून पुढें यावें लागलें. डॉक्टर आले, रुग्णालयांत नेणें झालें, आणि ईश्वरकृपेनें बंधु त्या खेपेस वांचले. किती मिनिटें गेलीं तें आम्हीं मोजलें नाहीं. परंतु त्या वळशांतील प्रत्येक पाऊल आम्हांस आजहि आठवतें.

आश्विनांत ते घरीं आले. चार दिवसांनीं त्यांनीं मुलाकरवीं निरोप धाडला, "दोन पत्रे काढतां येतील का, तें बघ म्हणावें." पत्रे काढावयास अर्धा तास लागला. वेल काढावयास गड्यास दोन दिवस लागले. अकरा वर्षांचीं मुळें दगडाखालून पार पलीकडे गेलीं होतीं. बुंधा तोडतांना वहिनी शेजारीं येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "भाऊजी, एक फांदी जमिनींत दाबून ठेवा, माझ्या बाजूला. फुलें चांगलीं होतीं हो." फांदी दाबून ठेविली, तिला मुळें फुटलीं, आणि तो वेल त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीवर अजून आहे. बंधु २०१६ सालीं गेले. तोंपर्यंतचीं अकरा वर्षें रोज सकाळीं चहाचा पेला घेऊन त्या वाटेनें कधीं ते इकडे येत, कधीं आम्ही तिकडे जात असूं. ज्या जागीं वेल तोडला तेथें दर मृगांत अजूनहि मधुमालतीचे फुटवे वर येतात. आम्ही ते खुडतों. एक वर्ष चुकलें तर वाट पुन्हां बुजेल.

म्हणून आमची या भगिनींस शेवटची सूचना, आणि तीच या प्रकरणांत सर्वांत महत्त्वाची. २४ फुटांपैकीं साडेएकवीस फूटच झांकावे. स्वयंपाकघराच्या दाराकडील टोंकास अडीच फूट जागा मोकळी सोडावी. तेथें खांब रोवूं नये, तार ओढूं नये, खड्डा खणूं नये. आज तेथें नुसता पत्रा दिसेल. तो दिसूं नये असें वाटल्यास मोगऱ्याच्या दोन कुंड्या ठेवाव्या, मात्र त्या दोन मुलांना उचलतां येतील एवढ्याच असाव्या. दार कोणी करावें, केव्हां करावें, करावें कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. तें दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचें काम. ज्या दिवशीं करावेंसें वाटेल त्या दिवशीं मुळें खणावीं लागूं नयेत, एवढी तजवीज बागवानाच्या हातीं असते आणि ती त्यानें पहिल्याच मृगांत करून ठेवावी.

दुसरेंहि एक. जाई तारेवरून पलीकडे वांकेलच. वेलास वांटणीपत्र वाचतां येत नाहीं. पलीकडे गेलेल्या फुलांचा हिशेब ठेवूं नये, आणि जाऊबाईंनीं फांदी छाटली तर मनास लावून घेऊं नये. पहिला दोडका निघाला म्हणजे जोडीचा एक मुलाबरोबर पलीकडे पाठवावा. निरोपाची गरज नाहीं.

सासूबाईंस आमचा नमस्कार सांगावा. दिवाळीनंतर त्या ओटीवर कोणत्या दिशेस तोंड करून बसतात, तें दोन ओळींनीं अवश्य कळवावें.